पहाटे रिकामा होणारा बंब

मी एक जुना बंब आहे, मित्रांनो. पण मोरीच्या कोपऱ्यात धूर काढत उभा असलेला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणू नका. मी ठेंगणा, बसकट, थर्माकोलच्या पांढऱ्या अंगरख्यात गुंडाळलेला आहे, आणि मोटारीच्या मागे जोडून ओढत नेतात त्या घरगाडीत राहतो. घरगाडीत ज्या बाकावर दिवसा बसतात आणि रात्री झोपतात, त्या बाकाखाली माझी जागा. एका अंगाला गॅसची नळी, दुसऱ्या अंगाला विजेची तार. वर फळी, फळीवर गादी, गादीवर माणसं. त्यामुळे मला माणसं दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त.

स्वभावाने मी संशयी आहे, हेही सांगून टाकतो. त्यात माझा दोष नाही, माझा जन्मच तसा झाला. कारखान्यात माझी शिवण सांधून झाल्यावर माझ्या पोटात हवा भरली आणि मला पाण्याच्या हौदात बुडवलं. हौदाच्या काठावर एक बाई बसली होती. कुठून बुडबुडा येतोय का, एवढंच ती बघत होती. ती हसली नाही, शाबास म्हणाली नाही. कुठल्याही टाकीवर तिचा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच तिला तिथे बसवलं होतं. पुढे माझ्या ज्योतीशेजारी एक बारीक सळई बसवली. तिचं काम म्हणजे ज्योत खरंच लागली आहे का, हे सतत बघत राहायचं. लागली असेल, असं ती कधी धरून चालत नाही. जरा शंका आली की गॅस बंद. गॅसच्या बाबतीत असंच असावं लागतं, मित्रांनो. तिथे भोळेपणा चालत नाही.

माझे पहिले मालक आगगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही घरगाडी घेतली आणि बायकोला घेऊन गावोगाव फिरले. ती माझी सुखाची वर्षं. मुक्कामाच्या मैदानावर विजेचा खांब असला की गार्डकाका मला विजेवर लावत, रानात उतरले की गॅसवर. मी चालू असताना काकूंनी विजेची किटली लावायची नाही, असा दोघांचा करार होता. मैदानावर वीज मोजकीच मिळते, दोघांनी एकदम मागितली की खटका पडतो आणि गाडीत अंधार. काकू करार विसरायच्या, अंधार व्हायचा, आणि काका अंधारातूनच म्हणायचे, "झाला वाटतं चहा?"

अंघोळ म्हणजे आधी अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा नळ सोडायचा. माझ्या पोटात मावतं तेवढ्यात दोघांच्या अंघोळी आणि वर भांडी व्हायची. काकू पाहुण्यांना सांगायच्या, "आमचा बंब मोठा गुणाचा आहे." बाकाखाली मला ते ऐकू यायचं.

मग काकांचे गुडघे गेले. घरगाडी एका आवारात उभी राहिली आणि उभीच राहिली. धूर बाहेर जायच्या माझ्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं. कोणी बटण दाबलं नाही की झाकण उघडून पाहिलं नाही. मला विकणार, मोडणार, की कोणी खोलून माझे भाग चोरणार, या विचारात मी प्रत्येक पावलाचा आवाज कान देऊन ऐकायचो.

एके दिवशी बाकाची फळी उचलली गेली आणि टॉर्चचा झोत थेट माझ्या अंगावर पडला. टॉर्चच्या मागे एक माणूस होता. त्याने मला टकटक वाजवून पाहिलं, नळीचा वास घेतला, सांध्यावरून बोट फिरवून बोट उजेडात धरलं. मला हौदावरच्या त्या बाईची आठवण झाली.

हा माणूस विमा कंपनीत दावे तपासायचा. कोणाचं दुकान जळालं, कोणाची मोटार ठोकली, की हा जाऊन बघणार. खरंच जळलं, की जाळलं? ठोकर आजची, की जुनी? दिवसभर लोक त्याच्याशी खोटं बोलायचे, आणि खरं बोलणारेही त्याला खोटेच वाटायचे. विकणारा म्हणाला, "साहेब, गाडी अगदी ठणठणीत आहे." त्यावर हा म्हणाला, "ते मी ठरवतो."

त्याची बायको पाळणाघर चालवायची. दिवसभर रडणारी पोरं सांभाळून ती इतकी शांत झाली होती, की नवऱ्याच्या शंकाकुशंकांचं तिला काही वाटत नसे. त्यांची मुलगी शाळेत जायची. तिला सगळे चिमा म्हणत. उन्हाळ्यात ती तिघं माझ्याबरोबर दोनदा फिरून आली. एक अडचण सोडली तर सगळं सुरळीत झालं.

ज्या फेरीबद्दल मला सांगायचंय, ती हिवाळ्यातली. त्या वेळी बरोबर चिमाची आत्या होती.

आत्या म्हणजे त्या तपासनिसाची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. आयुष्यभर तिने छापखान्यात पुस्तकं बांधली, सुई-दोऱ्याने पानं शिवली. आता छापखाना सुटला होता आणि ती एकटी राहायची. "चल ताई, चार दिवस हवापालट होईल," असं म्हणून भावानेच तिला आग्रहाने आणलं होतं. तिची गादी माझ्या फळीवर होती. तिची कूस बदलली की मला कळायचं.

मैदान एका तळ्याच्या काठी होतं, तिथे विजेचा खांब नव्हता. थंडी अशी, की काचेला आतून धुकं धरायचं. मागच्या फेरीत गॅसची टाकी अर्ध्या वाटेत संपली होती आणि ते तपासनिसाच्या मनात सलत होतं. या वेळी त्याने पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना नियम सांगितले. बंब संध्याकाळी एकदाच तापवायचा. अंगरख्यामुळे पाणी सकाळपर्यंत कोमट राहतं, त्यात तोंडं धुवायची आणि भांडी घासायची. झोपताना पाण्याचा पंप बंद. आणि खोली उबदार ठेवणारा गॅसचा हीटरही बंद, दुलया भरपूर आहेत.

"इतक्या थंडीत हीटर बंद?" बायको म्हणाली.

"झोपेत कोणाला कळतंय?"

सकाळी बायकोने हीटर लावला, चहा केला, पंप सुरू केला आणि भांड्यांसाठी गरम पाण्याचा नळ सोडला. नळ खोकला. हवा आली, मग बर्फासारखं पाणी आलं. मी रिकामा होतो, मित्रांनो. रात्री झोपताना भरलेला आणि पहाटे साफ रिकामा. पाणी वरच्या नळाने गेलं की खालच्या वाटेने, ते मला कळत नाही. मला फक्त भरलेपण कळतं आणि रिकामेपण कळतं.

"कोणी अंघोळ केली का?" तपासनिसाने विचारलं.

कोणीच केली नव्हती. पंप ज्यातून पाणी ओढतो ते पिंप त्याने बाहेर जाऊन पाहिलं. मला पुन्हा भरताना त्यातलं पाणी चांगलंच खाली गेलं होतं. तो ते भरून ओढत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता मला जे ऐकू आलं होतं ते सांगतो. दोन्ही पहाटे, सगळे गाढ झोपेत असताना, फळीवरून आत्या उठली होती. भिंतीवरचं पंपाचं बटण तिने हळूच दाबलं. पंप घुरघुरला. नळातून बारीक धार पडल्याचा आवाज आला आणि बटण पुन्हा बंद झालं. मग ती गादीवर येऊन बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. त्यानंतर उजाडायच्या सुमारास, थंडी सगळ्यात कडक होते तेव्हा, मी रिकामा झालो. माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. ही बाई माझं पाणी घेऊन करते काय?

दुसऱ्या पहाटे पंपाची घुरघुर आणखी एकाने ऐकली होती. गाडीच्या मागच्या टोकाला तपासनीस जागा होता.

चहाच्या वेळी त्याने कप खाली ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय. मला फक्त एवढंच विचारायचंय, पहाटे गरम पाणी कोण वापरतं?"

चिमा म्हणाली, "मी नाही बाबा, मी तर तोंडसुद्धा धुतलं नाही काल."

"अरे, पाणीच आहे," बायको म्हणाली. "परत तापव."

"पाण्याचा प्रश्न नाही. कोणी सांगत का नाही, हा प्रश्न आहे."

आत्या माझ्यावरच बसली होती, म्हणून मला कळलं की ती अगदी हलेनाशी झाली. तिने फक्त एक मग पाणी घेतलं होतं. पण या गाडीत सगळंच छोटं होतं, चूल छोटी, मोरी छोटी. बंबही तांब्याएवढा असेल आणि आपल्या एका मगाने तो संपला असेल, असं तिला वाटलं असावं. त्या दिवसापासून तिने पहाटे उठणं बंद केलं. जागी व्हायची, पण पडून राहायची.

आणि तपासनीस कामाला लागला. कचेरीतून सुट्टी घेतली होती, सवयीतून नव्हे. झोपायच्या आधी त्याने गरम पाण्याच्या नळाच्या दांडीला पांढरा दोरा बांधला. बायकोने पाहिलं.

"हे काय करतोयस?"

"काही नाही. बघू."

"आपल्याच घरात सापळा लावतोयस तू."

त्याने दिवा मालवला.

सकाळ झाली. दोरा जागच्या जागी होता, गाठ जशीच्या तशी. आणि मी रिकामा होतो. मित्रांनो, मला वाटलं, आता तरी हा माणूस गोंधळेल. नळ कोणी उघडलाच नाही आणि पाणी मात्र गेलं, म्हणजे वाट दुसरीच कुठलीतरी असणार. पण संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला पुरावा लागत नाही, उलट असलेला पुरावाच तो आपल्या बाजूला ओढून घेतो. तपासनीस दोऱ्याची गाठ बघत बराच वेळ उभा राहिला. मग वळून म्हणाला, "छान बांधलीये परत."

"कोणी?" आत्याने विचारलं.

"पुस्तकं बांधणारीला गाठ मारायला शिकवायला नको."

बायकोने चिमाला कोट घालून बाहेर पाठवलं.

आत्याचा आवाज अजिबात चढला नाही. "हे बघ माझे हात," ती म्हणाली. "जवळ येऊन बघ. परवापासून मूठ वळत नाही. कपाची दांडी धरता येत नाही, दोन्ही तळव्यांत धरून पितेय. सुया ओढून ओढून बोटं गेली माझी, थंडीत दगड होतात. पहिले दोन दिवस एक मग पाणी घेतलं मी. बोटं शेकायला. तू विचारलंस आणि बंद केलं."

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"तू मला विचारलंस कुठे, बाळ्या? तू मला पकडायला बसला होतास."

तो म्हणाला, "पण मग पाणी गेलं कुठे?"

मित्रांनो, त्या वेळी त्याने दुसरं काहीही म्हणायला हवं होतं. आत्या उठली. फळी हलकी झाली. बाकाच्या बाजूच्या कप्प्यातून तिने बॅग काढली आणि त्या न वळणाऱ्या बोटांनी कपडे भरायला लागली.

"ताई, असं करू नका," बायको म्हणाली.

"मला बसथांब्यापर्यंत सोड, एवढं कर," आत्या भावाला म्हणाली. "तिथून जाईन मी."

"तुझी मर्जी," तो म्हणाला.

मी बाकाखाली सगळं ऐकत होतो. मला तोंड आहे, पण ते पाण्यासाठी. माझ्याकडून एक चकार शब्द निघणं शक्य नव्हतं.

दार उघडलं, थंडी आत आली. आत्या पायरी उतरून गाडीला वळसा घालून मोटारीकडे निघाली. चाकाजवळ तिचा पाय सटकला आणि ती धाडकन बसली. चिमा ओरडली. तपासनीस धावत गेला.

"लागलं का? ताई, कुठे लागलं?"

"मनगटाला. मोडलं नाही, हलतंय. खाली काय आहे हे, काच?"

काच नव्हती. बर्फ होता. चाकाशेजारच्या खडीवर पातळ, चकचकीत बर्फाचा पापुद्रा पसरला होता.

बायकोने आत्याला उठवून पायरीवर बसवलं. तपासनीस मात्र तिथेच उकिडवा बसून राहिला. अपघात कसा झाला, हे बघायची त्याची सवय त्याला सोडेना. पाऊस पडला नव्हता. बाकी सगळं मैदान कोरडं खडखडीत होतं. मग एवढ्याच जागेत पाणी आलं कुठून? तो पोटावर आडवा झाला आणि गाडीखाली डोकं घातलं. खडी भिजून गोठली होती. वर, गाडीच्या तळातून बाहेर आलेल्या एका आखूड नळीच्या तोंडाला बर्फाची काडी लोंबत होती. ती नळी बरोबर माझ्या पायाखालून निघते.

तो आत आला, गादी बाजूला केली, फळी उचलली. पुन्हा टॉर्चचा झोत माझ्यावर पडला, पण या वेळी खाली, माझ्या पायाशी. तिथे अंगठ्याएवढी पितळी झडप आहे. भांडणाच्या नादात दार उघडंच राहिलं होतं, गाडी पुन्हा गार पडली होती, आणि बायकोने सकाळी पुन्हा भरलेलं पाणी त्या झडपेतून टिपटिप खाली चाललं होतं. त्याने ती झडप मुठीत धरली. मूठ गरम होती. थोड्या वेळाने टिपटिप थांबली. त्याने हात काढून घेतला आणि वाट पाहिली. टिपटिप परत सुरू झाली.

"थंडी वाजली की ही उघडते," तो पुटपुटला.

"का पण?" बायकोने विचारलं.

"आत पाणी गोठलं तर टाकी फुटेल. म्हणून आधीच सोडून देते."

मलाही ते तेव्हाच कळलं, मित्रांनो. त्या झडपेच्या आत मेणाची एक गोळी असते. ऊब असली की मेण फुगतं आणि वाट बंद ठेवतं. गारठा पडला की मेण आक्रसतं, वाट मोकळी होते आणि माझं पोट रिकामं होतं. माझा जीव वाचावा म्हणूनच ती बसवलेली आहे. सकाळी हीटर लागला की झडप आपोआप मिटायची, म्हणून उजेडात कधी काही दिसलं नाही.

"आधीच्या मालकांच्या वेळी असं झालं नसेल," बायको म्हणाली. "आपल्या मागच्या फेऱ्यांतही नाही झालं. आत्ताच इतका गारठा कसा पडला आत?" मग तिनेच विचारलं, "रात्री हीटर कोण बंद करतं रे?"

तपासनीस फळी हातात धरून उभा होता. "मी," तो म्हणाला.

गॅस वाचवायला त्याने हीटर बंद केला. त्यामुळे पाणी गेलं, ते पाणी पुन्हा तापवायला रोज दुप्पट गॅस जळला, आणि गॅस का जळतो म्हणून तो घरातला चोर शोधत बसला.

तो बाहेर पायरीशी गेला. आत्या कोटाच्या बाह्यांत हात लपवून बसली होती.

"ताई," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी..."

"आधी पाणी तापव," ती म्हणाली. "मग बोल."

त्याने दार लावलं, हीटर पेटवला, झडप बंद झाल्याची खात्री केली, पंप लावून मला काठोकाठ भरलं. माझी ज्योत भप्पकन लागली. पाणी तापल्यावर त्याने घमेलं भरून आत्याच्या पुढ्यात ठेवलं आणि खाली बसून स्वतःच्या हाताने तिची बोटं पाण्यात शेकली. मी ऐकत होतो. मग आत्या म्हणाली, "हळू. दाव्याची फाईल नाही ती."

ती त्या दिवशी गेली नाही. सुट्टी संपेपर्यंत राहिली. रात्री हीटर मंद चालू राहायला लागला, माझ्या पायाशी लोकरीचा जाड पट्टा गुंडाळला गेला, आणि आम्ही आधीपेक्षा कमी गॅसमध्ये सुट्टी पार पाडली. निघताना तपासनिसाने मला व्यवस्थित रिकामं केलं, धुराच्या तोंडावरची जाळी साफ केली. त्या दिवसापासून माझी निगा कधी चुकली नाही.

इथे गोष्ट गोड संपते असं मी सांगितलं असतं. पण मी संशयी आहे, अर्धवट खरं मला बोलता येत नाही.

आत्या अजूनही येते, दर हिवाळ्यात येते. भावाशी हसते, त्याची थट्टा करते, चिमाला जुन्या कागदांच्या वह्या शिवून देते. पण येताना ती आपला थर्मास घेऊन येते. संध्याकाळी चहाच्या पाण्याबरोबर चार पेले जास्त उकळून घेते, सगळ्यांसमोर, सगळ्यांना सांगून, आणि ते थर्मासमध्ये भरून उशाशी ठेवते. पहाटे झाकण फिरल्याचा आवाज येतो, मगात पाणी पडल्याचा आवाज येतो. पंपाचं बटण ती दाबत नाही. भाऊ आता तिच्यासाठी पंप रात्रभर चालू ठेवतो, मला अंधारातही कढत ठेवतो. पहिल्या वर्षी तो म्हणाला होता, "ताई, बंबात पाणी आहे गं." ती म्हणाली, "असू दे. सकाळी भांड्यांना लागेल." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मागच्या टोकाला तो जागा असतो, मला माहीत आहे. ती उठली की त्याची खाट करकरते. दोघंही जागे असतात आणि दोघंही झोपल्यासारखे पडून राहतात. मध्ये मी असतो, भरलेला आणि गरम.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. पोटात क्षारांचा थर साचलाय, तापताना गुरगुरतो. लवकरच माझ्या जागी नवा बंब येईल. जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या वस्तूंवर खुशाल संशय घ्या. नळी तपासा, झडप तपासा, गॅसचा वास घ्या, धुराचं तोंड मोकळं आहे ना ते बघा. थंडीत गाडी उभी करून ठेवणार असाल तर आम्हाला रिकामं करायला विसरू नका. आमच्यावर शंका घेतली तर आम्हाला राग येत नाही, उलट आमचं आयुष्य वाढतं. पण घरात काही कमी पडलं आणि माणसाकडे बघायची वेळ आली, तर दोरे बांधू नका. आधी गाडीखाली वाकून बघा, आणि मग त्या माणसाच्या शेजारी बसून सरळ विचारा. मी गार झालो तर मला पुन्हा तापवता येतं. माझ्या फळीवर जी झोपते, तिचं मला सांगता येत नाही.